चिंतन : अध्याय ६, श्लोक १६ आणि १७ : पोरगी बिलं टाकते



आज सोळावा आणि सतरावा श्लोक एकत्र घेतेय, कारण ते जोडीनेच वाचायचे आहेत. सोळाव्यात भगवंत चार माणसं बाजूला काढतात. खूप खाणारा, अजिबात न खाणारा, खूप झोपणारा आणि सतत जागणारा. या चौघांना योग साधत नाही, असं स्पष्ट सांगतात. सतराव्यात दुसरी बाजू येते. ज्याचं खाणं, फिरणं, कामातली धडपड, झोपणं आणि जागणं हे सगळं मापात आहे, त्याचा योग त्याचं दुःख घालवतो.

खरं सांगायचं तर गेली दोन वर्षं मी हे दोन श्लोक पटकन वाचून पुढे जायचे. डाएट चार्टसारखे वाटायचे. मनाचा, आत्म्याचा एवढा गंभीर विषय चाललाय आणि मध्येच जेवणखाण कुठून आलं? पुढे एकोणिसाव्यात वारा नसलेल्या जागेतला तो शांत दिवा आहे, मला त्याची घाई असायची. पण यंदा जानेवारीत गड्ड्याला घरी गेले आणि परत येताना ट्रेनमध्ये याच दोन श्लोकांवर अडकले. ती गोष्ट सांगते. थोडी लाजिरवाणी आहे.

जे सोलापूरचे नाहीत त्यांच्यासाठी : गड्डा म्हणजे आमची सिद्धेश्वरांची यात्रा, संक्रांतीच्या दिवसांतली. सात नंदीध्वज, पांढऱ्या बाराबंदीतले भक्त, होम मैदानावर पाळणे आणि मौत का कुआँ. आमचं घर कुंभारीत, गोदूताई परुळेकर वसाहतीत. विडी कामगार बायकांची ही दहा हजार घरांची वसाहत, २००६ साली त्यांच्या ताब्यात आली. त्यातलं एक घर माझ्या अम्माच्या नावावर आहे. ती विड्या वळते. वडील यंत्रमागावर टॉवेल विणायचे. चाळीस वर्षं मागाच्या खडखडाटात काढल्यावर आता त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आमच्या घरात सगळे जरा ओरडूनच बोलतात. आम्ही घरात तेलुगू बोलतो. खाली अम्मा जे बोलते ते मी मराठीत उतरवलंय.

मी पुण्यात असते, हिंजवडीला. रात्रपाळी. तिघी मिळून एक फ्लॅट. पगार आला की भाडं, घरी पाठवायचे पैसे आणि शिक्षणाच्या कर्जाचा हप्ता एवढं वजा करून जे उरतं, त्यात महिना काढायचा. रविवारी ओव्हरटाइम मिळाला तर घेते. त्याशिवाय संध्याकाळी ऑफिसच्या आधी दोन तास एक ऑनलाइन सर्टिफिकेट कोर्स. म्हणजे सोळाव्या श्लोकातल्या चौघांपैकी दोन तर मी एकटीच होते : न खाणारी आणि जागणारी. दुपारी दोनला पोहे, रात्री मशीनची कॉफी, पहाटे बिस्किटं. आणि याचा मला अभिमान होता. ‘मी किती करतेय’ असा.

तुमच्यातही असे बरेच असणार. मेसेज येतात त्यावरून कळतं. कुणी एमपीएससीच्या चौथ्या प्रयत्नात आहे, कुणी दिवसा नोकरी करून रात्री डिलिव्हरीला जातं. आणि सगळ्यांचा प्रश्न साधारण एकच असतो : ताई, करिअर करायचं की जगायचं? वय निघून चाललंय, मित्र फिरायला जातात, आम्ही स्टोरी बघतो. भक्तिमार्गात याचं उत्तर काय?

मोठ्या माणसांनी आपापली उत्तरं दिलीच आहेत. २०२३ च्या ऑक्टोबरमध्ये नारायण मूर्ती म्हणाले, तरुणांनी आठवड्याला सत्तर तास काम करायला हवं. २०२५ च्या जानेवारीत लार्सन अँड टुब्रोचे अध्यक्ष नव्वदपर्यंत गेले. या दोन्हींच्या मधे, २०२४ साली, पुण्यात एका बड्या फर्ममध्ये काम करणारी सव्वीस वर्षांची सीए मुलगी नोकरी लागल्यापासून चार महिन्यांतच गेली, आणि तिच्या आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहिलं. ते पत्र मी रात्रपाळीत, कॅन्टीनमध्ये बसून वाचलं होतं. वाचून झाल्यावर फोन उलटा ठेवला आणि जागेवर परत गेले. त्या रात्रीचं टार्गेट पूर्ण केलं.

आणि माझ्या पहिल्या नोकरीतल्या साहेबांचं उत्तर वेगळंच. पगारवाढ मागायला गेले तर त्यांनी मला गीता सांगितली. कर्म करत राहा, फळाकडे बघू नकोस. मी गीता वाचते हे त्यांना माहीत होतं, म्हणून खास. भगवंतांनी हे अर्जुनाला सांगितलं होतं, एचआरला सांगितलं नव्हतं, एवढं बोलायचं धाडस तेव्हा झालं नाही. (आपल्या अरणच्या सावता महाराजांचंही असंच होतं. मळ्यातल्या कामात त्यांना विठ्ठल भेटला, ही केवढी मोठी गोष्ट. पण ऑफिसच्या भिंतीवर ती लावली की तिचा अर्थ ‘सुट्टी मागू नका’ एवढाच उरतो.)

असो. गड्ड्याकडे येते.

दोन दिवसांची रजा मिळाली होती, तीही लॅपटॉप सोबत ठेवायच्या अटीवर. संध्याकाळच्या हुतात्माने सोलापूर गाठलं. दुसऱ्या दिवशी अक्षता सोहळा. सिद्धेश्वरांशी लग्न करायची इच्छा धरलेल्या कुंभारकन्येचा त्यांच्या योगदंडाशी विवाह लागतो, तो सोहळा. सम्मती कट्ट्याभोवती पाय ठेवायला जागा नसते. लहानपणी वडील मला खांद्यावर घ्यायचे. यंदा अम्मा आणि मी कशाबशा एका कोपऱ्यात उभ्या राहिलो. आणि नेमका तेव्हा टीम लीडचा फोन आला. कुठल्या तरी इन्व्हॉइसची रक्कम जुळत नव्हती. मी एका कानात बोट घालून, पाठ वळवून बोलत राहिले. चौफेर एकच गजर झाला, अक्षता पडल्या, लोकांनी हात जोडले. फोन ठेवला तेव्हा स्क्रीनवर चार-पाच तांदूळ होते. मी ते फुंकून टाकले. म्हणजे विचार न करता, धूळ झटकावी तसे.

अम्माने ते पाहिलं. काही बोलली नाही.

संध्याकाळी दारात शेजारच्या अक्का आल्या. अम्मा सूप मांडीवर घेऊन बसली होती. सण असला तरी दुसऱ्या दिवशीचा माल राहिला होता. अक्कांनी विचारलं, “पोरगी पुण्यात काय करती गं?” अम्मा पान कापता कापता म्हणाली, “कॉम्प्युटरवर बिलं टाकती.”

मी आतून बाहेर आले. “अम्मा, मी प्रोसेस असोसिएट आहे.”

“म्हणजे काय करायचं असतंय?”

“अमेरिकेतल्या कंपनीची इन्व्हॉइसेस येतात. ती बघून सिस्टिममध्ये भरायची, रक्कम जुळवायची.”

“मग तेच की. बिलं टाकणं.”

अक्का हसल्या. वाईट हसल्या नाहीत, पण हसल्या. आणि माझ्या आत जे पेटलं ते मला अजून आठवतंय. मी म्हणाले, “तुला काय कळणार? जन्मभर विड्या वळल्यास तू.” आमच्या घरी सगळे ओरडूनच बोलतात, म्हणून वडिलांनाही ते नीट ऐकू गेलं.

अम्माने मान वर केली नाही. पानात जर्दा भरला, वळलं, टोकं दुमडली, दोरा गुंडाळला. मग पुढचं पान.

पुढचं लगेच लिहिता येत नाही, म्हणून आधी दुसरी एक गोष्ट सांगते. ती आमच्याच गावाची आहे आणि मी लहानपणापासून अर्धीच ऐकली होती.

सिद्धराम, म्हणजे आमचे सिद्धेश्वर, बाराव्या शतकातले. तेव्हा सोलापूरला सोन्नलगी म्हणत. अर्धी गोष्ट सगळ्यांना माहीत असते : गुरं राखणारा मुलगा, त्याच्याकडे जंगमाच्या रूपात आलेला मल्लय्या, त्याने मागितलेला हुरडा, मग पोटात आग पडली म्हणून मागितलेला दहीभात. मुलगा घरी धावत जाऊन दहीभात आणतो तर मल्लय्या गायब. त्याला शोधत तो थेट श्रीशैलला जातो, तिथे देव भेटतो आणि सांगतो, परत जा, तुझ्या गावाचंच श्रीशैल कर. मग सिद्धराम कामाला लागतात. अडुसष्ट लिंगं स्थापतात, तळं खोदतात. आज मंदिराभोवती जे पाणी दिसतं ते तळं. गाव उभं करणारा माणूस. आजच्या भाषेत म्हणायचं तर भयंकर महत्त्वाकांक्षी.

दुसरी अर्धी गोष्ट ‘शून्यसंपादने’ या कन्नड ग्रंथात येते. तळ्याचं काम जोरात चालू असताना अल्लमप्रभू तिथे येतात आणि कामावरच्या लोकांना विचारतात, कुठे आहे तो तुमचा वड्डर? वड्डर म्हणजे दगड फोडणारा, माती उपसणारा. लोक खवळतात. आमच्या गुरूला वड्डर म्हणतो? दगड मारतात. सिद्धरामांपर्यंत बातमी जाते आणि तेही संतापतात, एवढे की त्यांच्या कपाळावरच्या तिसऱ्या डोळ्यातून आग निघते, असं कथा सांगते. अल्लमप्रभूंना काहीच होत नाही. ते शांत उभे.

ही गोष्ट मी कितीदा तरी वाचलीय, आणि दर वेळी अल्लमप्रभू मला उद्धट वाटायचे. एवढं चांगलं काम करणाऱ्याला येऊन डिवचायचं कशाला? गड्ड्याहून परत येताना, सकाळच्या गाडीत, पहिल्यांदा वाटलं की ते डिवचणं नसेलच. तळं खोदणाऱ्याला वड्डर म्हटलं, यात खोटं काय होतं? दगड फोडणं चाललं होतं, माती उपसणं चाललं होतं. पिढ्यान्‌पिढ्या तेच काम करणारे हात तिथे राबत होते. ते नाव शिवीसारखं का लागावं? काम लोकांसाठी होतं, देवासाठी होतं, तर मग आग कुणाला लागली?

ही माझी समजूत आहे. ग्रंथाचे जाणकार याहून खोल अर्थ सांगतील, तर त्यांनी मला जरूर दुरुस्त करावं. पण माझ्यापुरतं एवढं लख्ख झालं : अम्माने मला माझ्या कामाच्या साध्या नावाने हाक मारली आणि मी पेटले. बिलं टाकणं मला जड जात नाही. खरं तर मला ते आवडतं, रक्कम जुळली की बरं वाटतं. जड जात होतं ते ‘बिलं टाकणारी’ असणं. तिथे सगळी शक्ती जात होती. प्रोफाइलवरचं नाव, गावाकडच्या ग्रुपवरचं नाव, कॉलेजातली जी मुलगी आता बंगळुरूला आहे तिच्या नजरेतलं नाव. रात्रपाळी आठ तासांची होती, हे दुसरं काम चोवीस तासांचं होतं. अक्षता पडताना फोन घेतला तो काही इन्व्हॉइससाठी घेतला नव्हता. वीस मिनिटांनी केला असता तरी चाललं असतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. ‘मी गावच्या जत्रेतसुद्धा उपलब्ध असते’ हे कुणाला तरी दाखवायचं होतं.

आता श्लोकाकडे परत या. भगवंतांनी कामाला स्वतंत्र गादी दिलेली नाही, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं. जेवण, फिरणं, काम, झोप, जाग. एकाच पंगतीत सगळे. आणि त्या पंगतीत ‘विहार’ आहे! फिरणं, मोकळं होणं, करमणूक. ते यशानंतरचं बक्षीस म्हणून येत नाही, जेवणाला चिकटून येतं, कामाच्याही आधी. आपण काय करतो, तर विहाराला पुढची तारीख देतो. कर्ज फिटलं की, पोस्ट निघाली की, पॅकेज दहाच्या वर गेलं की.

ज्ञानेश्वर माउलींनी या जागी जे म्हटलंय ते तर वाचाच, सहाव्या अध्यायात. न खाणाऱ्याबद्दल लिहिताना ते कौतुक करत नाहीत. हट्टाच्या तुरुंगात भूक आणि तहान कोंडून ठेवणारा, असं त्याचं चित्र काढतात. हट्टाचा तुरुंग! मी ज्याला डेडिकेशन म्हणत होते त्याचं नाव हे. आणि मग मापाबद्दल बोलताना ते जेवणाचं, चालण्याचं, बोलण्याचं माप सांगतात आणि झोपेबद्दल म्हणतात की तिलाही तिच्या वेळेला मान द्यावा. मान. दारात आलेल्या पाहुण्याला द्यावा तसा. मी तर झोपेला चोरासारखी वागवत होते.

पण इथे थांबले तर मी लबाडी करतेय असं होईल. कारण ‘बॅलन्स ठेवा, जगून घ्या’ हे म्हणणं ज्यांना परवडतं त्यांना फार सोपं जातं. माझा हिशोब असा आहे : एका रविवारचा ओव्हरटाइम म्हणजे अम्माच्या साधारण चार दिवसांच्या विड्या. मी रविवारी लोणावळ्याला गेले तर ते चार दिवस कुणाच्या तरी बोटांतून निघतात. हे गणित डोक्यात असलं की पावसात भजी खातानाही घास अडकतो. माझी मजा कोण भरतंय, हा प्रश्न काही मनाचा खेळ नाही, तो खराच आहे. आणि अम्माच्या आठवड्याचे तास कुणीच मोजलेले नाहीत, ना सत्तर, ना नव्वद. सूप मांडीवर घेतलं की कामाला सुरुवात, पान संपलं की शेवट. त्यातलीही काही विडी कारखान्यात खराब म्हणून बाजूला निघते, तिचे पैसे नाहीत.

आणि तरीही (हे मी आता नीट बघितलं) अम्माच्या दिवसात विहार आहे. गल्लीतल्या पाच-सहा जणी एका ओट्यावर बसतात. हात चालू, तोंड चालू. सुनांच्या तक्रारी, सिरियल, एखादं तेलुगू गाणं. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघाला की हातातलं टाकून जायचं. गड्ड्यात दर वर्षी एकदा पाळण्यात बसायचं आणि वर गेल्यावर किंचाळायचं, पन्नाशी उलटली तरी. याचं मला गोडगोड चित्र काढायचं नाही. तिला खोकला आहे, कंबर धरते, रात्री बोटं ताठतात. तिला या कामातून बाहेर काढायचं, हीच माझी महत्त्वाकांक्षा आहे आणि ती मी सोडणार नाही. पण तिने कधी ‘घर झालं की मग पाळण्यात बसू’ असं म्हटलं नाही. घरासाठी मोर्च्यांना गेली, हप्ते भरले, आणि त्याच वर्षांत पाळण्यातही बसली.

त्या रात्री मी अम्माजवळ जाऊन बसले. माफी मागायला शब्द आले नाहीत. मी एक पान उचललं आणि वळायला घेतलं. शाळेत असताना तिला मदत करायचे, हात विसरलेला नसेल असं वाटलं. विसरला होता. अम्माने माझी विडी हातात घेऊन बघितली, उकलली, जर्दा परत सुपात टाकला आणि पान बाजूला ठेवलं. “ही जाणार नाही,” म्हणाली. “पान वाया घालवू नको.” मग मी नुसती दोरे कापून देत राहिले. वडील मोठ्याने म्हणाले, “झोपा आता दोघी.” कुणीच उठलं नाही.

पुण्यात परत आल्यावर मी एक गोष्ट केली. तुम्हाला ती पटेलच असं नाही. आठवड्यात मी ज्या-ज्या गोष्टींना वेळ देते त्या एका कागदावर लिहिल्या आणि प्रत्येकीपुढे विचारलं : ही पोटासाठी आहे का, नावासाठी आहे? ओव्हरटाइम पोटासाठी. ठेवला. कर्ज आहे, अम्माच्या डोळ्यांचं ऑपरेशन करायचंय, रविवार सध्या जाणार. रात्रपाळी पोटासाठी, ठेवली. तो सर्टिफिकेट कोर्स… तिथे पेन बराच वेळ थांबलं. तो मी घेतला कारण त्या बंगळुरूच्या मुलीने घेतला होता. व्हिडिओ दीडपट वेगाने पळवायचे, काही शिकत नव्हते, प्रोफाइलवर लावायचा बॅज हवा होता. सोडला.

लातूरच्या माझ्या रूममेटने यावरून मला चांगलंच फैलावर घेतलं. “हे तुझं आळशीपणाचं अध्यात्म आहे बघ. रविवारचं मर-मर काम ठेवलंस आणि पुढे जायचा एक रस्ता होता तो बंद केलास. जन्मभर बिलंच टाकशील.” मी गप्प बसले, कारण तिचं म्हणणं खोटं आहे असं मला छातीठोकपणे सांगता येत नाही. कदाचित वर्षभराने मला तो कोर्स परत घ्यावा लागेल. घेतला तर शिकायला घेईन, एवढं ठरवलंय. पण नाव आणि पोट यांच्यातली रेघ दर वेळी स्वच्छ दिसत नाही, हे खरंच आहे. चांगल्या नावानेच चांगला पगार मिळतो, असंही ती म्हणाली. त्यालाही माझ्याकडे पूर्ण उत्तर नाही. सतराव्या श्लोकात माप किती ते सांगितलेलं नाही, मापात हवं एवढंच सांगितलंय. सव्वीस वर्षांच्या, कर्ज असलेल्या मुलीचं माप आणि गडगंज माणसाचं माप एक कसं असेल? ते ज्याचं त्याने, रोज, ताट समोर असताना ठरवायचं.

कोर्सचे ते दोन तास आता रिकामे आहेत. पहिल्या आठवड्यात काय करावं कळेना, फोनच बघत बसले. मग खाली उतरून चालायला लागले. आमच्या सोसायटीच्या मागे अजून न बांधलेला एक तुकडा आहे, तिथे संध्याकाळी मुलं क्रिकेट खेळतात. मी कडेने फेऱ्या मारते. परत येऊन भात लावते आणि दही घालून खाते, बसून, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. फार काही नाही. पण सिद्धरामांच्या गोष्टीतला दहीभात मला आता वेगळा आठवतो. पोटात आग पडलेल्याला देवाने दुसरं काहीच मागितलं नव्हतं.

आणि हो, त्या गोष्टीचा शेवट सांगायचा राहिला. अल्लमप्रभू सिद्धरामांना घेऊन कल्याणला जातात, बसवण्णांकडे, जिथे चांभार, नावाडी, दोरखंड वळणारे सगळे आपापल्या कामाच्या नावानेच ओळखले जात होते आणि त्यात कुणाला कमीपणा नव्हता. पुढे सिद्धराम सोन्नलगीला परतले, त्यांची समाधी तिथेच आहे. खोदलेलं तळं कुणी बुजवलं नाही. या वेळी कठड्यावरून वाकून बघितलं, तर पाण्यात भाविकांनी टाकलेल्या लाह्यांवर मासे तुटून पडले होते.

परवा सकाळी शिफ्ट संपवून बसमध्ये बसले आणि अम्माचा फोन आला. मागे ओट्यावरच्या बायकांचा आवाज येत होता.

“झाली का बिलं टाकून?”

“झाली.”

“किती टाकलीस?”

“एकशे चाळीस. तुझ्या?”

“सातशे झाल्या काल. पान चांगलं नव्हतं.”

मग ती अक्कांना काहीतरी सांगायला लागली आणि फोन चालूच राहिला. मी ऐकत बसले.

उद्या अठरावा श्लोक. राम कृष्ण हरी.